तोंडात आहे ते माझं

वेताळ टेकडीवर माझं नाव कुणालाही माहीत नाही. गेली तीन वर्षं मी तिथे 'बुंदीची आई' आहे. तसेच ऑस्करचे बाबा आहेत, सिंबाची आजी आहे, आणि कुत्रं जाऊन दीड वर्ष झालं तरी रोज सकाळी येणारे मोतीचे काका आहेत. आम्हाला एकमेकांची आडनावं ठाऊक नसतात, पण कुणाच्या कुत्र्याला जुलाब लागलेत आणि कुणाचं कुत्रं गाजर खातं हे पक्कं ठाऊक असतं. अशा या सकाळच्या गावात गेल्या फेब्रुवारीत एका टक्कल पडलेल्या टेनिसच्या चेंडूवरून मारामारी झाली. मला दवाखान्यात जावं लागलं आणि दोन मोठी माणसं अडीच महिने एकमेकांशी बोलली नाहीत.

चेंडू माझाही नव्हता आणि ऑस्करच्या बाबांचाही नव्हता. खाणीच्या अलीकडच्या झुडपांत कधीचा तरी पडलेला, बुंदीने हुडकून काढलेला. बुंदी म्हणजे रस्त्यावरून घरी आलेली, अठरा किलोची, पिवळसर गावठी कुत्री. ऑस्कर तिच्या दुप्पट, आनंदाचा नुसता गोळा असलेला लॅब्राडॉर. तो शेपूट गरगर फिरवत तिच्याकडे आला. तिचा पट्टा माझ्या हातात होता, ऑस्कर मोकळा होता. आणि मी ते वाक्य बोलले, जे आज आठवलं तरी कानशिलं तापतात: "अगं, दे ना त्याला! शहाणी ना तू?"

भातुकलीत रुसलेल्या भाचीला सांगावं, तसं. पुढच्या तीन-चार सेकंदांत धूळ, केस, एक वेगळाच आवाज, आणि मध्ये माझा हात. हात घालू नये हे मला माहीत होतं. ते माहीत असूनही प्रत्येक जण हात घालतोच. तळहातावर उमटलेला दात ऑस्करचा नव्हता, माझ्या लेकीचा होता.

टेकडी उतरून गेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो लशीचा नव्हता, साबणाचा होता. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलीत का? घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मी बाटलीतलं पाणी ओतून रुमाल बांधून आले होते. नळाखाली उभं राहून ते सगळं पुन्हा केलं. टाके घातले नाहीत. कुत्र्याच्या चाव्याची जखम शक्यतो शिवत नाहीत. कुत्री घरची, लशी वेळेवर दिलेल्या, तरीही इंजेक्शनांचं काय करायचं हे डॉक्टरांनी ठरवलं, मी नाही. ते तसंच असायला हवं.

*

ही गोष्ट इथेच संपली असती, आणि बुंदी 'चिडकी' म्हणून टेकडीवर कायमची बदनाम झाली असती. पण सिंबाच्या आजीच्या नातवाने त्या वेळी मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्याला मोर टिपायचा होता. मोर उडून गेला आणि त्याच्या जागी आम्ही आलो. एकूण अकरा सेकंद.

ते अकरा सेकंद घेऊन मी एका श्वानप्रशिक्षक बाईंकडे गेले. बुंदीला ओरडतील, निदान मला ओरडायला शिकवतील, अशी माझी समजूत. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताई, आधी आवाज बंद करू या. आवाज सगळा तुमचाच आहे."

मुक्या चित्रात पहिल्यांदा दिसलं ते असं. बुंदी चेंडू चघळतेय. ऑस्कर चौकटीत येतो, अजून सात-आठ पावलांवर आहे, आणि बुंदीचं चघळणं थांबतं. बस, तेवढंच. गुरगुर नाही, दात नाहीत. जबडा स्थिर झाला. "हे तिचं पहिलं वाक्य," बाई म्हणाल्या. मग मान खाली जाते, चेंडूच्या वर. मग अंग किंचित वळतं, चेंडू पलीकडे आणि पाठीचा बांध अलीकडे. डोळा ऑस्करकडे फिरतो पण डोकं फिरत नाही, म्हणून डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. शेपूट ताठ. आपल्याकडे नाटकात म्हणतात तसं, सगळं अंग बोलत होतं.

आणि आता ऑस्करकडे बघा, बाई म्हणाल्या. मी तोवर त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. माझ्या लेखी तो आगाऊ पाहुणा होता. पण चित्रात ऑस्कर थांबलेला दिसतो. शेपटीचं चक्र मंदावतं. तो मान वळवून बाजूच्या गवताकडे बघतो, नाक चाटतो. नॉर्वेच्या तुरिड रुगास यांनी कुत्र्यांच्या या समजुतीच्या खुणांवर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे. मान वळवणं, नाक चाटणं, जमीन हुंगणं, वळसा घालून येणं. 'मला भांडायचं नाही' असं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याला कसं सांगतं, त्याची ती बाराखडी. ऑस्करने दोन अक्षरं अगदी स्वच्छ गिरवली होती. म्हणजे बुंदी म्हणाली, 'माझं आहे.' ऑस्कर म्हणाला, 'बरं.' व्यवहार मिटला होता.

सातव्या सेकंदाला चौकटीत मी येते. पट्टा आखडते, म्हणजे बुंदीला चेंडू घेऊन बाजूला जायची सोय उरत नाही. वर तोंडाने 'दे ना त्याला' चालू. त्याच क्षणी मागून ऑस्करच्या बाबांचा हात पुढे आलेला दिसतो. ते म्हणत होते, "जा ऑस्कर, खेळ, खेळ!" धन्याची आज्ञा. ऑस्कर बिचारा एक पाऊल पुढे टाकतो.

दोन कुत्र्यांनी आपसांत मिटवलेलं भांडण दोन सुशिक्षित माणसांनी चार सेकंदांत पुन्हा उकरून काढलं. मी ते चित्रण त्या दिवशी नऊ वेळा पाहिलं.

*

लांडग्यांचा आयुष्यभर अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांनी लांडग्याच्या तोंडाभोवतीच्या एका अदृश्य रिंगणाबद्दल लिहिलं आहे. त्या रिंगणात जे आहे ते त्या लांडग्याचं. कळपात तो वरचा असो की खालचा, तोंडाजवळचा तुकडा तो राखतो, आणि मोठेही बहुधा ते मानतात. आपल्या घरातल्या कुत्र्याचा लांडग्याशी संबंध फार जुना आणि फार पातळ झालेला आहे, त्यामुळे लांडग्यावरून कुत्र्याचं सगळं कळतं असं मी म्हणणार नाही. पण हे रिंगण मात्र मी रोज बघते. प्रशिक्षक ज्याला 'रिसोर्स गार्डिंग' म्हणतात, ते म्हणजे या रिंगणाची राखण. हाड, चेंडू, काठी, कधी सोफ्याचा कोपरा, कधी आपण स्वतः. हा रोग नव्हे. पाकीट खिशात घट्ट धरून गर्दीच्या बसमध्ये उभा राहणारा माणूस रोगी नसतो.

गंमत अशी की याच मीच यांच्या १९७० सालच्या 'द वुल्फ' या पुस्तकाने 'अल्फा' हा शब्द जगभर पोचवला. त्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर १९४७ मध्ये लिहिलेल्या निबंधात. अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले तर मारामाऱ्या होणारच. पुढे मीच यांनी मोकळ्या रानातली कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं; तिथे 'अल्फा' म्हणणं म्हणजे बापाला बाप न म्हणता जेता म्हणण्यासारखं. शास्त्रज्ञाने शब्द मागे घेतला, पण टेकडीवर तो अजून ठणठणीत आहे. माझा हात बांधलेला पाहून आठवड्याभरात किमान पाच जणांनी मला 'अल्फा' व्हायला सांगितलं. एकाने काट्यांच्या गळपट्ट्याची शिफारस केली. एकाने वर्तमानपत्राची गुंडाळी. एक गृहस्थ म्हणाले, तिच्या जेवणाच्या ताटलीत रोज हात घालत जा, मधेच ताटली काढून घ्या, म्हणजे मालक कोण ते कळेल.

या शेवटच्या सल्ल्याबद्दल तर अभ्यासच झालेला आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मंडळींनी २०१८ मध्ये कुत्रं पाळणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून निबंध प्रसिद्ध केले. ज्या घरांत जेवताना ताटली काढून घेतली जात होती, तिथली कुत्री अन्न राखताना जास्त आक्रमक होती. ज्या घरांत जेवताना ताटलीत आणखी काही चविष्ट टाकलं जात होतं आणि 'सोड' हा शब्द नीट शिकवला होता, तिथली कमी. ही मालकांनी सांगितलेली माहिती आहे, त्यामुळे कशामुळे काय झालं हे त्यातून छातीठोकपणे सिद्ध होत नाही. चिडक्या कुत्र्याचीच ताटली जास्त वेळा उचलली जात असेल असंही असू शकतं. पण मला त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त लागलं. चाव्यासारखी उघड आक्रमकता मालकांना बरोबर ओळखता आली. थबकणं, तोंड फिरवणं, घाईने गिळणं या लहान खुणा कमी ओळखता आल्या. म्हणजे तिकडचे मालकही माझ्यासारखेच. पहिली तीन वाक्यं ऐकूच न आलेले.

गुरगुरीबद्दलही एवढंच सांगते: तिला मारू नका. गुरगुरल्यावर फटका बसला, तर कुत्रं राखण सोडत नाही, फक्त सूचना देणं सोडतं. मग लोक म्हणतात, "काही न सांगता चावलं हो!"

*

टेकडीच्या पायथ्याशी चहाच्या टपरीजवळ चार-पाच रस्त्यावरची कुत्री असतात. कोणी वाटेल ते म्हणो, राखणीचं शिक्षण मला सगळ्यांत जास्त त्यांनी दिलं. त्यांच्याकडे खेळणी कुठली? एक लंगडी कुत्री आहे, तिला नारळाची करवंटी मिळाली की तिची दिवाळी. ती करवंटी पुढच्या पायांत धरून बसते. टोळीतला थोराड काळा नर येतो, दहा-बारा फुटांवर थांबतो, दुसरीकडे बघत बसतो. कधी कधी जांभई देतो. मी महिनाभर टपरीवर चहा पिता पिता हे पाहिलं. त्याने एकदाही ती हिसकावली नाही. ती कंटाळून उठली की मग हा आरामात जाऊन करवंटी हुंगणार.

त्यांना हे जमतं, कारण तिथे जागा आहे. लंगडीला उठून जाता येतं, काळ्याला दूर बसता येतं, आणि 'शेअर कर रे' म्हणणारं कुणी नाही. आमच्या फिरण्यात नेमक्या याच तिन्ही गोष्टी उलट्या. पायवाट अरुंद, पट्टा आखूड, आणि माणसं शिष्टाचारवाली. घरात एक वेळ दार लावता येतं. बाहेर दार नाही. वर झुडपातून काय सापडेल याचा भरवसा नाही. चेंडू, प्लास्टिकची बाटली, कुणाची तरी एक चप्पल. बुंदीला सर्वांत प्रिय चप्पल. चेंडूची राखण ती मनापासून करते, चपलेची प्राणपणाने.

आपल्याकडे वाटून खाण्याला फार मोठं मोल आहे आणि ते योग्यच आहे. तिळाची वडीसुद्धा अर्धी करून खायला शिकलेली आपण माणसं. म्हणून कुत्र्याने चेंडू दिला नाही की आपल्याला चारचौघांत लाज वाटते, जणू संस्कार कमी पडले. मी 'दे ना त्याला' म्हणाले ते ऑस्करसाठी नव्हतं हो. ऑस्करच्या बाबांनी मला काय म्हणावं, यासाठी होतं.

*

मग केलं काय? पहिली गोष्ट इतकी साधी होती, की त्यासाठी पैसे दिल्याचं मला वाईट वाटलं. चेंडू पिशवीत. दुसरं कुत्रं दिसलं की चेंडू पिशवीत. ते ओळखीचं असो, मित्र असो, 'काही करत नाही'वालं असो. दुसरं कुत्रं जवळ पोचायच्या आत. जवळ आल्यावर उशीर झालेला असतो, कारण तेव्हा तोंडातून काढावा लागतो.

तोंडातून काढणं हीच खरी विद्या. ती आम्ही घरात शिकलो, टेकडीवर नाही. बुंदीला आधी तिला फारशी न आवडणारी वस्तू दिली, जुन्या पायमोज्याची गाठ. नाकासमोर उकडलेल्या कोंबडीचा बिनमिठाचा तुकडा. तोंड उघडलं, 'सोड', तुकडा मिळाला, आणि लगेच पायमोजा परत. हे परत देणं मला आधी वेडगळ वाटलं. पण सगळी मेख तिथेच आहे. सोडलं की गेलं, असं ज्या कुत्र्याने शंभरदा अनुभवलंय, ते एकशेएकाव्या वेळी पळतं नाहीतर गिळतं. सोडलं की वर काहीतरी मिळतं आणि बहुतेकदा मूळ वस्तूही परत येते, हे कळलं की पकड आपोआप सैल होते. सावकारी आणि पतपेढी यांतला फरक. पायमोज्यावरून दोरी, दोरीवरून घरचा चेंडू, शेवटी चप्पल. चपलेला सहा आठवडे लागले.

घरचा चेंडू आता गुळगुळीत रबराचा आहे. टेनिसच्या चेंडूच्या लोकरीत धूळ-वाळू भरते आणि ती दातांना पॉलिश कागदासारखी घासत राहते. शिवाय मोठ्या कुत्र्याच्या घशात तो अडकू शकतो. ज्या चेंडूवरून एवढं रामायण झालं, तो खेळायच्याही लायकीचा नव्हता.

त्यानंतर दुसरं कुत्रं. इथे माप फुटांचं नव्हतं, बुंदीच्या जबड्याचं होतं. प्रशिक्षक बाईंचं म्हातारं, शांत कुत्रं मैदानाच्या त्या टोकाला. बुंदी पट्ट्यावर, पायांशी चेंडू. ते दिसलं की कोंबडी सुरू, ते झाडामागे गेलं की कोंबडी बंद. चघळणं थांबलं, म्हणजे आम्ही फार जवळ आलो; मागे जायचं. दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. यात बघण्यासारखं काहीही नाही. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या आजोबांनी एकदा विचारलंच, "बाई, हे शिकवणं सुरू कधी होणार?"

आणि हे सगळं करण्याआधी बुंदीला पशुवैद्याकडे दाखवलं होतं, हे सांगायचं राहिलं. अचानक राखण करू लागलेल्या कुत्र्याला कुठेतरी दुखत असतं, असं पुष्कळदा निघतं. दात, कान, कंबर. बुंदीच्या बाबतीत काही निघालं नाही. ऑस्करच्या कानामागे मात्र भांडणानंतर चार दिवसांनी गळू निघालं. वरून टाचणीएवढं भोक, आत खोलवर जखम. कुत्र्यांच्या चाव्याचा हा नेहमीचा कावा आहे, म्हणून रक्त दिसो न दिसो, भांडणानंतर केसांखाली बोटं फिरवून बघायचं आणि शंका आली की दवाखाना गाठायचा. औषधाचा खर्च मी द्यायला निघाले, ऑस्करच्या बाबांनी निरोप पाठवला, नको. त्या 'नको'त किती कडवटपणा होता ते मला कळलं.

*

अडीच महिन्यांनी एप्रिलमध्ये, खाणीच्या काठावर, मी त्यांना ते अकरा सेकंद दाखवले. आवाज बंद करून. ते निवृत्त बँक अधिकारी, चष्मा कपाळावर चढवून मोबाईल नाकाशी धरून पाहत होते. पहिल्या वेळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी म्हणाले, "अहो, हा थांबला होता की!"

"हो ना, काका."

"आणि मीच याला ढकललं."

"तुम्ही याला, मी तिला."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "आमच्याकडे तीन कुत्री झाली, ताई. चाळीस वर्षं. हे कुणी दाखवलं नाही कधी."

मग आम्ही जे सुरू केलं त्याला टेकडीवर कुणीतरी 'लग्नाची वरात' असं नाव ठेवलं. दोघं मालक एकाच दिशेने, समांतर, मध्ये चांगलं वीस-पंचवीस पावलांचं अंतर, कुत्री बाहेरच्या बाजूला, पट्टे ढिले. चेंडू नाही, काठी नाही, थांबून भेट नाही. नुसतं चालायचं आणि अधूनमधून खाऊ. ऑस्करचं मन वळवणं सोपं गेलं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं आहे, की साधारण चौथाई लॅब्राडॉरांत भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यांचं खाण्यावर जरा जास्तच प्रेम असतं. ऑस्कर त्या चौथाईतला असावा, अशी माझी खात्री आहे. त्याच्या बाबांची नाही.

हळूहळू अंतर कमी झालं. जूनच्या पहिल्या पावसात दोघं शेजारी शेजारी एकच झुडूप हुंगताना दिसली आणि आम्ही दोघांनीही पट्टा आखडायचा मोह आवरला.

माणसांचं मात्र अजून बाकी आहे. "घाबरू नका हो, काही करत नाही!" हे वाक्य लांबून ओरडत मोकळं कुत्रं सोडणारे रोज भेटतात. तुमचं काही करत नसेल, माझं करेल ना; मी तिला ओळखते. सांगून पटलं नाही तर मी वाट सोडून बाजूला जाते. पूर्वी याचा अपमान वाटायचा. कायद्याचंच बोलायचं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी टेकडीवर कुणाला ऐकवत नाही. सकाळी सव्वासहाला कलम ऐकवणाऱ्या बाईशी कोण बोलेल? पण स्वतःच्या हातातला पट्टा सोडायचा मोह झाला की ते आठवतं.

आणि तरीही पेटलंच तर? हात गळपट्ट्याकडे न्यायचा नाही. बाटलीतलं पाणी तोंडावर, जोरात आवाज, मध्ये छत्री किंवा पिशवी घालायची. काहीच चाललं नाही तर दोघा मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून हातगाडीसारखं मागे ओढायचं. एकट्याने एकालाच ओढलं, तर दुसरं त्याच्या अंगावर येतं. आम्ही दोघांनी हे घरी चटईवर, कुत्र्यांशिवाय करून पाहिलं. ऑस्करच्या आईने फोटो काढले, ते कुणालाही दाखवणार नाही असं वचन घेतलंय.

दिवाळीत फटाके सुरू होतात. फटाक्यांनी घाबरलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी वरून ठीक दिसतं, पण आतली भीती उतरायला वेळ लागतो, आणि एरवी सोडून दिलं असतं त्यावरून ते अशा दिवसांत भडकतं. तेव्हा वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत एवढं करा: फिरायला जाताना चेंडू घरी ठेवा, आणि वाटेत एखादं कुत्रं चघळता चघळता थबकलेलं दिसलं, तर तुमचं कुत्रं घेऊन शांतपणे वळसा घाला.

बुंदी आणि ऑस्कर आता रोज एकत्र चालतात. त्यांच्यामध्ये आम्ही अजून चेंडू टाकलेला नाही. टाकणारही नाही.